जोडखिळ्याचा नियम

९ नोव्हें., रविवार
खेळ दोनला सुरू व्हायचा, तीन वाजले. रेखाताईंची मंगरूळ गाडी पुन्हा उशिरा. स्वतः एसटीत कंडक्टर असून दर वेळी वर आम्हालाच ऐकवतात, "तुमी गाडीत बसून पाहा, मंग बोला." बसलो वाट बघत. त्यांच्याशिवाय मजा नाही.

जागा नेहमीची, इम्रानच्या बांगड्यांच्या दुकानावरची माडी. फासा स्टीलच्या ताटात टाकतो, त्याची खणखण खाली जाते आणि गिऱ्हाइकं माना वर करून बघतात. इम्रानच्या अब्बांना वाटतं आम्ही भिशी चालवतो.

सातवेशीला, म्हणजे आमच्या खेळातल्या मनातल्या शहराला, तीन वर्षं झाली. शहर माझं, नकाशा चित्रकलेच्या सरांचा (रिटायर झाल्यापासून दुसरं काही काढतच नाहीत), आणि त्यात भटकायचं, मारामाऱ्या करायच्या, फसायचं, ते या तिघांनी. आजचे नवे रहिवासी: धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणारा मापाडी, चुकून 'एक' म्हणाला तर शहरातलं एक दार कमी होतं. आणि लोकांची झोप पाठीवर वाहून नेणारा हमाल. सर म्हणाले, सुचतं कुठून? सुचत नाही हो. सेतू केंद्राच्या खिडकीत बसून दिवसभर दाखले काढते, समोर रांग. एकेकाला घरी घेऊन येते, त्यांना न विचारता.

पुण्याच्या त्या गेमवाल्या कंपनीला सातवेशी पाठवून महिना होऊन गेला. काही नाही. दर तासाला मेल बघते, मग स्वतःवरच चिडते.

१२ नोव्हें., बुध.
आपल्या वेशीत बांगड्या टांगल्यात. सातवेशीच्या नाही, गावातल्या खऱ्या वेशीत, डाव्या बाजूच्या जुन्या खिळ्याला. एकेकट्या. सात बांगड्या, एक पैंजण, लहान मुलाचा एक मोजा.

थेट इम्रानकडे गेले. आधी हसला. मग कबूल. जोडीतली एक बांगडी फुटली म्हणून बाई रडकुंडीला आली होती, हा गंमतीत म्हणाला, "वेशीतल्या खिळ्याले टांगा न भाभी, जोडी पाहत पाहत येईन." हा आमचा जोडखिळा! सातवेशीच्या तिसऱ्या वेशीतला. जोडीतलं एक तिथे टांगायचं, एक जवळ ठेवायचं, म्हणजे हरवलेलं माणूस जोड शोधत घरी येतं. भाभीने चौघींना सांगितलं.

"अन् एकीची शेळी वापस आली ना बे," म्हणे. शेळीला कसली आली जोडी.

रागवायला गेले होते. खरं लिहायचं तर येताना वेशीतूनच आले, मुद्दाम, आणि थांबून पाहिलं. बरं वाटलं. पुण्याने नाही विचारलं, गावाने तर विचारलं.

१५ नोव्हें., शनि.
आज जे केलं ते.

कौसल्यामावशी खिडकीशी आल्या. आमच्या गल्लीतल्या, देवळांपुढे वाती विकतात. सातवेशीतही आहेत, त्यांना माहीत नाही; तिथे त्या शहरातल्या प्रत्येक माणसासाठी एक वात वळतात आणि कुणाची राहिली तर तो दिवसा दिसत नाही. त्यांचा गोपाल घरातून भांडून गेला त्याला चार वर्षं झाली. फोन बंद. कुणी सांगतं सुरतेला दिसला, कुणी सांगतं नाही.

म्हणाल्या, "नीता, तू शिकेल हायेस. ते खिळ्याचं खरं हाय काव?"

दोन शब्दांत संपलं असतं. मागे रांग होती, सर्व्हर बंद, मी कंटाळलेली. आणि त्यांचा चेहरा. म्हटलं, "हो मावशी. माझी आजी सांगायची."

आजी! आजी बिचारी अचलपूरची, तिने ही वेस पाहिलीसुद्धा नाही.

"काही पाळा लागते काय?"

इथेही थांबता आलं असतं. पण मला नियम विचारला की थांबता येत नाही. म्हणाले, टांगणाऱ्याने हरवलेलं परत येईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही, ओलांडली तर धागा तुटतो. हा नियम मी फक्त रेखाताईंसाठी केला होता. त्यांची खेळातली चोरटी दर वेळी सोनं उचलून शहराबाहेर पळायची.

मावशींनी मान हलवली, जशी डॉक्टरसमोर हलवतात. संध्याकाळी खिळ्यावर चांदीचा वाळा. गोपालच्या लहानपणच्या जोडीतला.

२० नोव्हें., गुरु.
संगीताचा नागपूरहून फोन. मावशींची मुलगी, शाळेत माझ्या एक वर्ग पुढे होती. मावशींच्या पोटात गाठ आहे. मोठी. डॉक्टर म्हणतात महिन्याच्या आत काढा, नंतर सांगता येत नाही. ऑपरेशन नागपूरलाच. मावशी नाही म्हणतात. शीव ओलांडायची नाही म्हणे.

"तुह्या आजीनं सांगतलं म्हन्ते माय. काहून सांगतलं व असं?"

जेवण गेलं नाही. आईने विचारलं तर अॅसिडिटी म्हटलं. आता हेही एक खोटं.

२१ नोव्हें., शुक्र.
गेले. सगळं सांगितलं. मावशी ओसरीत बसून मांडीवर वाती वळत होत्या, वळतच राहिल्या. खेळ, शहर, फासे, आजीचं खोटं, सगळं. माफी मागितली.

शेवटी म्हणाल्या, "संगीतानं शिकोलं ना तुले?"

म्हटलं, नाही हो, देवाशपथ.

"मले नागपूरले न्याचं म्हनून तुमी दोघी मिळून खोटं बोलून राह्यल्या. तुही आजी म्हातारी खोटं कायले सांगीन? तू चांगली पोरगी होतीस व."

खोटं सांगितलं तेव्हा खिडकीत उभ्याउभ्या पटलं. खरं सांगायला घरी गेले तर मी लबाड ठरले. वर हातात गूळ-शेंगदाणे दिले. खाल्ले. काय करणार.

२२ नोव्हें., शनि.
वाळा काढून टाकावा असं मनात आलं. सकाळी वेशीत जाऊन उभी राहिले. बांगड्या आता चाळीसच्या वर. एक म्हातारा सायकल थांबवून खिळ्याला नमस्कार करून गेला. वाळ्याला हात लावला नाही.

मेल नाही.

२३ नोव्हें., रवि.
आज माडीवर कुणी खेळायच्या मनःस्थितीत नाही. इम्रान म्हणाला, "गलती माही हाय. मी जाऊन पाय धरतो." रेखाताई म्हणाल्या, "पाय धरून गाठ निघते काय?"

मग सर म्हणाले, "नियम चुकीचा असेल तर शहरातच दुरुस्त करा. बाहेरून होणार नाही." त्यांचं बोलणं नेहमी असं, फळ्यावर लिहिल्यासारखं.

तर खेळलो. जोडखिळ्यापाशी एक बाई अडकली आहे, तिला बाहेर न्यायचं, धागा तुटू द्यायचा नाही. इम्रानच्या पहिलवानाने खिळाच उपटायचं म्हटलं. वीस बाजूंच्या फाशावर दोन आले, हात भाजला. रेखाताईंनी डोकं चालवलं: "माही ड्युटी असली अन् मले जाचं असलं तं मी बदली देतो. डेपो काई म्हनत नाई, गाडीत कंडक्टर पाह्यजे. तसंच. कोनी तिच्या जागी आपलं जोडातलं टांगन अन् ते वापस येईलोक गावात राहीन."

मला फासा टाकायला सांगितला. मी म्हटलं नको, मान्य. तीन वर्षांत पहिल्यांदा न टाकता मान्य केलं.

२५ नोव्हें., मंगळ.
चौघंही मावशींकडे. मी बोललेच नाही, माझं कोण ऐकतं. रेखाताईंनी बदलीचं सांगितलं. मावशींना लगेच कळलं. त्यांना नियम कळतात, आमच्यापेक्षा जास्त.

बदली कोण? इम्रान म्हणाला मी. तो दर शुक्रवारी अकोल्याला माल आणायला जातो, मावशींना ठाऊक. "तुह्याच्यानं होत नाई बापा." रेखाताईंचा प्रश्नच नाही, दिवसाला सहादा शीव ओलांडतात. सर म्हणाले मी आहे, मी कुठे जातच नाही.

"म्हनूनच नाई," मावशी म्हणाल्या. "जो जातच नाई त्याच्या राह्यन्याले काय किंमत हाय सर?"

सर चक्क लाजले.

मग माझ्याकडे बघितलं. "तुहं तं मन सदा गावाच्या भाईर. तू राह्यशीन?"

मी? सातवेशीतल्या कुणालाही मी इतकं नेमकं पकडलेलं नाही. म्हटलं, राहीन. तुम्ही परत घरी येईपर्यंत.

"आजीची शपथ घे."

घेतली.

१ डिसें., सोम.
मावशी सकाळच्या गाडीने गेल्या. रेखाताईंनी मुद्दाम ड्युटी बदलून घेतली. त्याआधी वेशीत मी माझा एक डूल टांगला, आईने बारावीला घेतलेल्या जोडीतला. मावशींनी स्वतः त्याच्या धाग्याची गाठ तपासली. रेखाताईंनी नंतर सांगितलं, शीव आली तेव्हा मावशींनी डोळे मिटले आणि सीटचा दांडा घट्ट धरला.

हलकं वाटतंय. सेतूत सगळे विचारतात, एका कानात काहून नाही? हरवला म्हणते. परत खोटं, पण लहान.

३ डिसें., बुध.
मेल आला.

सातवेशी आवडली. "यातली माणसं कुठे भेटली?" असं विचारलंय. प्रत्यक्ष भेटायला बोलावलंय, सोमवारी ८ तारखेला अकराला, पुण्यात. नोकरीची एकच जागा.

तीनदा वाचला. ओरडले. आई पळत आली. मग आरशात एक कान दिसला.

मावशींचं ऑपरेशन उद्या. शनिवारी-रविवारी घरी आल्या तर जमतं. जमेल.

४ डिसें., गुरु.
शुगर वाढली. ऑपरेशन पुढे ढकललं. सोमवारी, सकाळी अकरा.

लिहून पाहिलं, तरी तेच दिसतंय.

५ डिसें., शुक्र.
कंपनीला फोन केला, चार दिवस पुढे होईल का. बाई गोड बोलल्या. सोमवारनंतर साहेब बाहेर आहेत, आणखी दोघं रांगेत आहेत, काही इमर्जन्सी आहे का? काय सांगू? मी एक नियम केला होता, आता मोडता येत नाही? म्हटलं, नाही, येते.

ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं. रविवार, संध्याकाळी सहा. वेशीच्या पलीकडे थांबते.

संगीताला विचारलं, मावशींना न सांगता इम्रानची बदली चालेल का. ती चिडली. "सकाळपासून तीनदा विचारलं मायनं, नीता गावात हाय ना? तेवढ्यावर सही केली तिनं कागदावर. तू आता काई करू नको व बाई, हात जोडतो."

मला राग आला. मावशींचा, संगीताचा, गोपालचा तर सगळ्यात जास्त. एक फोन केला असता त्याने चार वर्षांत. मग वाटलं, मी तरी पुण्याला गेल्यावर आईला किती करणार आहे?

६ डिसें., शनि.
बॅग भरली. काढली. भरली.

हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं आहे, खिळा मुळात बहुतेक कुणी कंदील टांगायला ठोकला असेल. मी पुण्याला गेले तर नागपूरच्या टेबलावर काहीही बदलत नाही. हे पक्कं माहीत आहे. सोमवारी जाऊन मंगळवारी परत, कुणाला कळणारही नाही. एवढं माहीत असताना बॅग पुन्हा का काढली?

७ डिसें., रवि.
खेळ झाला नाही, तिघंही आले मात्र. इम्रान म्हणाला, "जा. यार, खिळा तं आपलाच हाय." रेखाताई म्हणाल्या, जा, पण ST नं नको जाऊ, तुहं तिकीट मी फाडनार नाई. सरांनी निघताना नकाशा दिला, घडी घालून. बघितला नाही अजून.

पावणेसहाला निघाले. वेशीपर्यंत आले आणि मावशींचा फोन. आवाज बारीक झालाय.

"कुठी हायेस?"

म्हटलं, वेशीत.

"बरं झालं. मले जरा आयकव."

काय, ते कळायला क्षण लागला. मग फोन खिळ्यापाशी धरला. वारा होता. साठ-सत्तर बांगड्या, वाळा, माझा डूल, सगळं किणकिणलं. बराच वेळ धरून ठेवला. फोन कानाला लावला तेव्हा मावशी म्हणत होत्या, "हाय. हाय तं. मंग मी झोपतो आता निवांत." आणि ठेवला.

वेशीच्या ओट्यावर बसून हे लिहितेय, बॅग मांडीवर. पलीकडे ट्रॅव्हल्स उभी आहे, काचेवर 'पुणे' लिहिलेलं इथून वाचता येतं. मला जायचं आहे. फार जायचं आहे. खेळात कुणी असं अडकलं की मी फासा पुढे सरकवते आणि म्हणते, टाका. फासा पिशवीत आहे. काढला नाही.

ड्रायव्हरचा दुसरा फोन. म्हणतो, मॅडम, पाच मिनिटं थांबतो, त्याच्यावर नाही.