धुऱ्यालगत सापडलेला गोळा आणि माझी नात

प्रति,
मा. उपअधीक्षक, भूमी अभिलेख,
वरूड, जि. अमरावती.

विषय : गट क्र. ११४ व ११५ मधील धुऱ्याची (सामाईक बांधाची) मोजणी, तसेच आजोबांच्या नावात दुरुस्ती होणेबाबत.
संदर्भ : दिवाळीत लागलेला मुलांचा चित्रपट, मध्यंतरानंतरचा भाग.

महोदय,

मी खाली सही करणार खुशालराव पुंजाजी बेलसरे, वय ६८, गट क्र. ११४ मधील संत्राबागेचा मालक. लगतचा गट सूर्यभान धर्माळे यांचा. आम्ही एका बाकावर शिकलो व आजवर धुऱ्यावरून एकदाही भांडलो नाही, हे प्रथम नमूद करतो.

१. मागील वर्षी मे महिन्यात शूटिंगवाले आमच्याकडे आले. तीन मुलांना संत्राबागेत परग्रहावरचा गोळा सापडतो, अशी गोष्ट होती. बाग त्यांनी आधी माझीच पाहिली. परंतु मृगबहारासाठी माझी झाडे ताणावर होती, म्हणजे फुलोरा यावा म्हणून पाणी तोडलेले होते. मलूल पाने पाहून त्यांच्या मॅनेजरने "झाडं मेली का?" असे विचारले. मी त्याला फाटक दाखवले. सूर्यभानची बाग आंबिया बहाराची, तिचा ताण हिवाळ्यातच उरकलेला, पाणी पिऊन हिरवीगार. तिला प्लॅस्टिकची पिकलेली संत्री बांधून काम सुरू झाले.

२. माझी नात आकांक्षा, वय नऊ, अकोल्याहून सुटीला आली होती. धुऱ्यावर उभी राहून बघत असता तिची निवड झाली. चित्रपटात तिच्या आजोबांचे काम करण्यासाठी आधी मलाच विचारणा झाली होती. मात्र त्यात पाइप धरून झाडांना पाणी द्यायचे होते. ताणाच्या दिवसांत मी पाण्याच्या पाइपाला हात लावत नाही, दुसऱ्याच्या बागेतसुद्धा नाही. चाळीस वर्षांचा नेम आहे. सूर्यभान म्हणाला, "मी उभा रायतो ना, त्यात काय हाय." आणि उभा राहिला.

३. चित्रपट अमरावतीला जाऊन पाहिला. त्यात गोळा फक्त मुलांच्या व सूर्यभानच्या हाताखाली उजळतो. शेवटी आकांक्षा पळत येऊन त्याला मिठी मारते. शेजारच्या खुर्चीतल्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. मला राग आला असे मी घरी सांगितले. आपणांस खरे सांगतो, मी जळलो. शेवटच्या पाटीवर "मुलीचे आजोबा : सूर्यभान धर्माळे" असे आले, तेव्हा तर जास्तच.

४. शूटिंगवाले गोळा त्यासाठी धुऱ्यालगत खणलेल्या खड्ड्यातच टाकून गेले. सदर खड्डा माझ्या अंदाजाने दोन फूट माझ्या हद्दीत येतो. तसे ठरल्यास, ज्याच्या जमिनीत गोळा सापडला तोच मुलीचा आजोबा, असा फेरफार घेण्यात यावा. सातबाऱ्यावरचे चुकीचे नाव दुरुस्त होते, तर पडद्यावरचे का होऊ नये? गोळ्यावर मी हात ठेवून पाहिला आहे. बॅटरी काढून नेल्याचे मला ठाऊक होते. तरी बराच वेळ ठेवला.

५. यंदा दिवाळीच्या सुटीत आकांक्षा रोज सकाळपासून सूर्यभानकडे असायची. गोळा बघायला येणाऱ्या पोरांना ती माहिती द्यायची, व सूर्यभानला आबा म्हणायची. हा शब्द आजवर एकट्या माझा होता.

६. मोजणीच्या वेळी लगतधारकांना नोटीस देऊन धुऱ्यावर हजर ठेवतात. तशी एक नोटीस कु. आकांक्षा हिच्या नावे काढावी, व तीत दिवसभर अर्जदाराच्या बाजूला उभे राहावे असे स्पष्ट लिहावे. ती आता अकोल्याला गेली आहे. माझ्या फोनवर तिचे वडील तिला पाठवत नाहीत, सरकारी कागदावर पाठवतील. ती आली तर मोजणी केली नाही तरी चालेल. धुरा आहे तिथे ठीक आहे.

आपला नम्र,
खुशालराव पुंजाजी बेलसरे
(आकांक्षाचा आबा)
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) सातबारा उतारा.
२) आकांक्षाच्या जन्माचा दाखला.
३) सूर्यभान यांची ना-हरकत. मजकूर मीच लिहिला, त्याने न वाचता सही केली. एवढेच विचारले, "पोरगी येईन ना पण?"