झुकिनीच्या नूडल्स आणि भावोजींचा ट्रक

प्रिय ताई,

लेक आणि बाळ सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. आता इकडचं सांगतो. रक्तातली साखर उतरल्याशिवाय ट्रक चालवायला मिळणार नाही, असं कंपनीच्या डॉक्टरांनी भावोजींना बजावलं होतं. तू लेकीकडे गेलीस आणि त्यांचा रोजचा पास्ता बंद करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शेजारच्या नर्सबाईंनी झुकिनीच्या, म्हणजे त्या काकडीसारख्या दिसणाऱ्या विलायती भाजीच्या, नूडल्स सुचवल्या. पेन्सिलीला टोक करावं तशी झुकिनी एका छोट्या यंत्रात फिरवायची, की लांबच लांब दोरे निघतात. पहिल्या दिवशी मी ते पास्त्यासारखे खळखळ उकळले. ताटात नुसता लगदा. भावोजी म्हणाले, मेव्हणेबुवा, चमचा देताय की स्ट्रॉ? मग शिकलो. दोऱ्यांना मीठ लावून ठेवायचं, सुटलेलं पाणी फडक्यात पिळून काढायचं, तापल्या तव्यावर जरासं परतून लगेच उतरवायचं. वर तू करतेस तोच टोमॅटो-लसणाचा सॉस. तरी त्यांची कुरकुर चालूच, की ही वैरण आहे, आता मला दावणीलाच बांध. पण ताटात कधी काही टाकलं नाही. पोटावरून हात फिरवत म्हणायचे, आता ट्रकची सीट पुढे ओढावी लागणार बघ.

साखर खरंच उतरली. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी डोळे तपासले. भावोजींना समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं दिसत नाही. साखरेनं आतल्या आत पोखरलेलं आता भरून यायचं नाही. ट्रकच काय, कुठलीच गाडी चालवायची नाही. ताई, मी रोज देवापुढे हात जोडून त्यांच्या साखरेचं मागत होतो. डोळ्यांचं मागायचं मला सुचलंच नाही.

ट्रकची किल्ली त्यांनी स्वतःच साहेबांच्या टेबलावर ठेवली. घरी येऊन म्हणाले, आज पास्ताच कर, आता काय फरक पडतो? मी पाणी ठेवलं. ते उकळायच्या आत उठून आले, गॅस बंद केला आणि म्हणाले, नको, उरलंय तेवढं तरी शाबूत राहू दे.

हे तुला सांगायला त्यांची जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्र. रविवारी ते तुला घ्यायला स्टेशनवर येतील, पण चालत. गाडी कुठे लावलीत, असं सवयीनं विचारू नकोस. त्यांच्यासमोर रडू नकोस. जड बॅग त्यांच्याकडेच दे.

तुझाच,
धाकटा