दोऱ्याविना ओतलेल्या गाठ्या

अब्बा, काल दुपारी होस्टेलच्या फाटकासमोर गाठीवाल्याची गाडी येऊन उभी राहिली आणि मी हजेरीचं रजिस्टर उघडंच टाकून बाहेर गेले. एक गाठी उचलून उजेडात धरली. पदकं सगळी एकसारखी, मशीनची, वरून प्लास्टिकची पिशवी. तुम्ही असतात तर त्या माणसाला विचारलं असतं, की बाबा, ही गाठी आहे का खडूची माळ? मी ती परत गाडीवर ठेवली. विकत घेतली नाही. घेऊन कुणाच्या गळ्यात घालणार? आत आले, दार लावलं आणि तुम्हाला लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण तुमची उर्दू मला वाचता येते पण लिहायला घेतली की अक्षरं शाळेतल्या पहिलीच्या पोरीसारखी होतात. आणि तुम्ही मराठी पेपर रोज मोठ्यानं वाचायचात, सोयाबीनच्या भावासकट, आपल्याकडं एक गुंठा जमीन नसताना.

शिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत लातूर कामधंदा विसरतं असं तुम्ही म्हणायचात. आणि नेमकं त्याच दिवसांत तुम्हाला मान वर करायची फुरसत नसायची. जत्रेचं मैदान भरलं, आकाशपाळणे उभे राहिले, कुस्त्यांची हलगी वाजायला लागली, की आपल्या घराच्या पुढच्या खोलीत भट्टी पेटायची. रस्त्यात द्राक्षांच्या गाड्या लागायच्या, एकीकडं शाहीर गायचे, दुसऱ्या टोकाला कव्वाली रंगायची, आणि तुम्ही पाकाच्या कढईपुढं बसून नुसत्या आवाजावरून सांगायचात की आता कोणता पैलवान पडला. मैदान अजून भरतं. आवाज दहापट वाढला आहे. पण शहराचं ध्यान दुसरीकडं आहे. चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींचे फोटो लागलेत, इतके मोठे की पाळणा त्यांच्या मागं लपतो. माझ्या होस्टेलवर अहमदपूरच्या, मुरुडच्या, पार नांदेडकडच्या मुली आहेत. होळीच्या आदल्या दिवशी त्यांच्या आयांचे फोन येतात, येऊ नको गं, टेस्ट आहे ना, अभ्यास कर. मग मुली खिडक्या लावून घेतात आणि ढोलाचा आवाज बाहेर ठेवून पाठ करत बसतात. मी त्यांची रेक्टर. रंग आत येऊ द्यायचा नाही, हे बघणं माझं काम. संध्याकाळी त्यांची जेवणं झाली की मी माझ्या खोलीत एकटी जेवते. लग्नाचं कसं झालं ते तुम्ही पाहिलंच होतं, त्यानंतर सांगण्यासारखं काही घडलं नाही. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. लोकांना काय जातंय म्हणायला.

तुम्हाला लिहायचं होतं ते भूकंपानंतरच्या त्या होळीबद्दल. मी बारा वर्षांची होते. अम्मी भूकंपाच्या दोन महिने आधी काविळीनं गेली होती. त्या पहाटे घर हललं, भांडी पडली, आपण दोघं रस्त्यात येऊन उभे राहिलो आणि तुम्ही सारखे मागं वळून दाराकडं बघत होतात, अजून कुणीतरी बाहेर यायचं राहिल्यासारखे. मग दिवस उजाडला आणि तिकडच्या गावांच्या बातम्या यायला लागल्या. ज्या गावांत तुम्ही दर फाल्गुनात सायकलीला टोपल्या बांधून गाठ्या विकायला जायचात, तीच गावं. महिनाभर तुम्ही ट्रकवर चढून जात होतात, लोकांबरोबर दगडमाती उपसत होतात. घरी येऊन काही सांगायचा नाहीत. हात धुवायचात, पुन्हा धुवायचात.

मग फाल्गुन आला. यंदा गाठ्या कोण घेणार, असं गल्लीत सगळे म्हणत असताना तुम्ही सागवानी साचे माळ्यावरून काढून पाण्यात भिजत घातलेत. पाक चढवला, दूध टाकून मळी काढली, साचे बांधलेत आणि भराभर ओतत गेलात. मी दारात बसून बघत होते. गार झाल्यावर पहिला साचा उघडलात तर आतून सुटी पदकं पडली, एकेक, जमिनीवर. दुसऱ्यातून तशीच. तुम्ही दोरा घातलाच नव्हता. वीस वर्षं तुम्ही झारा घेऊन वळायच्या आत अम्मीनं साच्यात दोरा घालून ठेवलेला असायचा. दोरा घालायचा असतो हे तुम्हाला ठाऊक होतं, पण तो तुम्ही घालायचा असतो हे तुमच्या हाताला ठाऊक नव्हतं. सगळी कढई ओतून झाली होती. तुम्ही त्या ढिगाकडं बघत इतका वेळ बसलात की मला भीती वाटली. मी म्हटलं, अब्बा, परत वितळवू. तुम्ही म्हणालात, "नको. असू दे. पोरांना वाटून येऊ." त्या दिवसापासून दोरा मी घालायला लागले. माझ्या वेण्या तुम्ही घालायचात आणि तुमच्या साच्यात दोरा मी. दोघांचंही काम तसं यथातथाच होतं.

होळीच्या दिवशी सकाळी आपण एसटीनं औशाच्या पुढं गेलो. एका डब्यात ती सुटी पदकं, टोपलीत चांगल्या गाठ्या. गाव जागेवर नव्हतं. माळावर पत्र्याच्या शेडांच्या रांगा होत्या, ऊन नुसतं चटके देत होतं. तुम्हाला ओळखणारी माणसं पुढं आली, "गाठीवाले आले" म्हणाली आणि तिथंच थांबली. पोरं टोपलीभोवती जमली पण एकानंही हात पुढं केला नाही. मला वाटलं पोरं शहाणी आहेत. मग एका शेडातून ती म्हातारी आली, तुमची जुनी गिऱ्हाईक, जिला तुम्ही मावशी म्हणायचात. तिनं तुम्हाला पाणी दिलं आणि सांगितलं, "पोरांना दिऊ नका, बाबा. दुखवटा हाय. ज्या घरात मयत झाली त्या घरात पहिल्या सणाचं गोड दुसऱ्या घरनं यावं लागतं. जिथं कुनी गेलं न्हाई, आशा घरनं. मग सण मोकळा होतो. आमच्याकडं आनायचं कुनी? सोयरेधायरे समदे ह्याच शेडात हायेत. परत्येकाच्या घरी मयत." तुम्ही म्हणालात, मी आणलंय की. ती तुमच्याकडं बघत राहिली. आजूबाजूची माणसंही बघत होती. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडं वरसात कुनी गेलं का, गाठीवाले?"

मी तुमचा सदरा धरून उभी होते. मला वाटलं, आता तुम्ही अम्मीचं सांगाल, म्हातारी हळहळेल, आणि आपण टोपली उचलून घरी जाऊ. तुम्ही म्हणालात, "न्हाई, मावशी. अल्लाच्या मेहेरबानीनं समदे हायेत. हिची अम्मी घरी गाठ्याच करून राहिली." तुमचा आवाजही हलला नाही. म्हातारीनं मान हलवली, डब्यातलं एक पदक उचललं, बाजूला उभ्या असलेल्या छोट्या मुलीच्या तोंडात घातलं आणि म्हणाली, "घ्या रे. सण मोकळा झाला." आणि पोरं तुटून पडली. बायका रडत होत्या आणि गाठ्या मागत होत्या. तुम्ही वाकून एकेकाच्या गळ्यात गाठी घालत होतात, घामानं भिजून, आणि चक्क हसत होतात. अम्मी गेल्यापासून मी तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. मी तुमचा सदरा सोडून दिला. आठ महिन्यांची कबर होती तिची, आणि तुम्ही तिला चारचौघांत घरी बसवून गाठ्या करायला लावलंत.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. तुम्ही दोनदा हाक मारलीत, तिसऱ्यांदा चिडलात. "पोरांचं तोंड गोड झालं, त्यात तुझ्या अम्मीचं काय गेलं?" एवढंच बोललात. हे वाक्य मी आयुष्यभर जपून ठेवलं, अब्बा. दहावीला पास झाले तेव्हा तुम्ही मला सोनेरी टोपणाचं पेन आणून दिलंत, तेव्हाही ते माझ्या मनात होतं. क्लासेसच्या ऑफिसात नोकरी लागली, साच्यांना हात लावायचं मी बंद केलं, तेव्हा तुम्ही कारण विचारलंत. मी म्हटलं वेळ नसतो. तेव्हाही तेच होतं. तुम्ही दोरा घालायला एक बाई ठेवलीत आणि मला कधी बोल लावला नाहीत. बोल लावला असतात तर भांडून तरी मोकळी झाले असते.

पण तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट त्या दिवशी घडली होती. तुम्ही पलीकडच्या रांगेत गाठ्या वाटायला गेलात तेव्हा म्हातारीनं मला आपल्या शेडात बोलावलं. खाली बसवलं, माझ्या वेण्या सोडल्या, तेलाचा हात लावला आणि नव्यानं घालायला लागली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आजी, अब्बा खोटं बोलले. माझी अम्मी मेली." तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत. "ठावं हाय," ती म्हणाली. "ह्या येन्या बघितल्या तवाच कळलं. एक वर, एक खाली. बाईच्या हातच्या न्हाईत ह्या." मी विचारलं, मग तुम्ही खाल्लं कसं? दुखवट्याच्या घरचंच झालं ना ते? तिनं वेणीला गाठ मारली. "कुनीतरी न्हाई म्हनायला पायजे होतं, पोरी. आमच्यातल्या कुनाला म्हनता येईना. त्यानं म्हनलं." मग माझी हनुवटी धरून आपल्याकडं वळवली. "बापाला सांगू नको मला कळलं म्हनून. लई जीव एकवटून खोटं बोलला त्यो. त्याला वाटू दे आमाला खरं वाटलं." मी हो म्हटलं. तिच्या हातच्या वेण्या घट्ट होत्या, डोकं दुखलं, आणि मी त्या चार दिवस सोडल्या नाहीत. तुम्हाला त्या दिसल्याही नाहीत.

तुमच्या शेवटच्या दुखण्याला मी नोकरीवर रजा टाकली होती. असाच फाल्गुन होता. अर्धं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती, तरी मैदानावर हलगी वाजली की तुमचा चांगला हात पांघरुणावर ठेका धरायचा. एका दुपारी मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही तोंड बाजूला केलंत आणि म्हणालात, "त्या शेडातली पोरं." मला वाटलं भ्रम झाला. तुम्ही थांबत थांबत बोलत राहिलात. "त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. मी त्यांना दुखवट्याच्या घरचं चारलं. त्यांचा रिवाज मी मोडला, त्यांना न सांगता. पुढं त्या पोरांना काही झालं असेल तर? वर जाऊन काय सांगू? इतकी वर्षं दर होळीला माझ्या गळ्याखाली घास उतरत नाही, बेटा, तुला ठाऊक नाही." मला खरंच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही ते त्याच दिवशी विसरलात. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानापर्यंत गेलं, कारण तुमचा चांगला हातही तिथवर उचलला जात नव्हता. मी पुसलं. म्हटलं, "पडून राहा, अब्बा. जास्त बोलू नका."

एक वाक्य होतं माझ्याकडं. त्यांना माहीत होतं, अब्बा, माहीत असून त्यांनी खाल्लं. एवढंच सांगायचं होतं, आणि तुमचा ऊर हलका झाला असता. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते उशीच्या खोळीत जाईल आणि मी तुमच्याशी बोलले असं धरून चालेन. म्हणून निदान इथं तरी खोटं नको. म्हातारीला शब्द दिला होता म्हणून मी बोलले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. म्हातारी केव्हाच गेली होती. तुम्हाला तळमळताना पाहून मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. मनात आलं, अम्मीसाठी तळमळू द्या आणखी चार दिवस, मग सांगेन. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात.