माहेरच्या नावाचा रिपोर्ट

आई, मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय. मला अक्षर येत नाही आणि तुलाही येत नव्हतं, तेव्हा हे वाचणार कोण हा प्रश्न आपल्या दोघींपुरता मिटलेलाच आहे. सूनबाई म्हणते, "आई, जरा हळू सांगा, हात भरून येतो." म्हटलं, दिवसभर कॉम्प्युटरवर बोटं आपटतेस तेव्हा नाही भरून येत? तेसुद्धा तिने लिहून टाकलंय. पोरगी प्रामाणिक आहे.

मी आता चेन्नईला असते. तुझा नातू ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात आहे. त्याच्या पगारातून सरकारी विमा कापतात, आणि त्या कार्डावर त्याने मलाही घातलंय. पाळी जाऊन माझा जन्म लोटला, आणि ह्या उन्हाळ्यात पुन्हा अंगावरून जायला लागलं. तुझं झालं होतं तसंच. मीही तुझ्यासारखंच केलं बघ, फडकी गुपचूप धुतली आणि गच्चीवर वाळत घातली. सूनबाईला वाटलं, म्हातारीला सफाईचं वेड लागलं. मग एके दिवशी भेंडी चिरता चिरता अंधारी आली, ते जवळच्या दवाखान्यातच डोळे उघडले. नर्स माझ्यावर वाकून तमिळमध्ये काहीतरी विचारतेय. नाव विचारतेय एवढं कळतंय. लेक बाहेर रिक्षावाल्याशी हुज्जत घालतोय. आणि माझ्या तोंडून निघालं ते तू ठेवलेलं नाव, त्यापुढे बापाचं, आबांचं. लग्नातलं नाव त्या घटकेला मला आठवलंच नाही.

पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला तो त्याच नावाने. रिपोर्ट आणायला गेलेला तुझा नातू जिन्यावरूनच ओरडत आला, "आई, तुझा नाहीच हा! कुणा भलत्याच बाईचा दिलाय. कॅन्सर तिला आहे, तुला नाही!" इतका आनंद मी त्याच्या तोंडावर त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. (सूनबाई, हे लिही, थांबू नकोस.) त्याने ते नाव वाचून दाखवलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला हाक मारली, आई, आणि ती अशी. मी म्हटलं, "बाळा, ती भलती बाई मीच." तो खालीच बसला. त्याला माहीत नव्हतं. पोटच्या पोराला माझं नाव माहीत नव्हतं, आणि त्यात त्याचा काय दोष? मीच कधी सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची वेळ गेली, आता मशीनचे किरण द्यायचे, आणि लवकर. इथे त्याला करंट देणं म्हणतात. मग सुरू झाली आमची वणवण. नुंगंबाक्कमच्या एका चकचकीत हॉस्पिटलात गेलो, तिथल्या मुलीने गोड हसून सांगितलं की मशीन आहे पण हे कार्ड चालत नाही. दुसरीकडे कार्ड चालत होतं, पण किरणांचा डॉक्टर सोडून गेला होता. तिसरीकडे दोन्ही होतं, तर खिडकीतल्या माणसाने कार्ड पाहिलं, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाला, "अम्मा, कार्ड एका बाईचं, आजार दुसरीचा. करंट कुणाला द्यायचा?" मी म्हटलं, अर्धा अर्धा दे. लेकाने तमिळमध्ये सांगितलं तेव्हा तो हसला, पण कागद परतच दिले. रक्त थांबत नव्हतं आणि लेकाची रजा संपत आली होती. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. मी मुद्दाम काहीबाही बडबडत राहिले.

शेवटी एक बाई सापडली, किरणांची डॉक्टर, आपल्या सूनबाईएवढीच असेल. कार्ड घेते म्हणाली. मोडक्या हिंदीत विचारलं, "पाटी, दोन नावं कशी?" पाटी म्हणजे आजी. मी सांगितलं, आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो. मला वाचता येत नव्हतं, नणंदेने कानात सांगितलं तेव्हा कळलं मी आता कोण ते. ती म्हणाली, "आणि आईसुद्धा मग नव्याच नावाने बोलावते?" मी हो म्हटलं, आणि मला माझी पाठवणी दिसली. तू बैलगाडीशी उभी आहेस, पदर तोंडाला लावलेला, आणि मला हाक मारतेस ती त्या नव्या नावाने. शहाण्यासारखी. सगळ्यांना बरं वाटेल अशी. मला तेव्हा तुझा राग आला होता, आई. एकदा तरी जुन्या नावाने हाक मारायचीस. पुढे तू अंगावरून जाऊन जाऊन गेलीस तेव्हा मी सासरी बाळंतीण होते. तू कुणाला दाखवलं नाहीस, आणि दाखवलं असतंस तरी तुझ्यासाठी दारोदार फिरायला कोण होतं?

त्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं की दोन्ही बाया एकच आहेत. कोर्टाबाहेरच्या वकिलाकडे त्याचा पक्का कागद केला. मी अंगठा उठवला. करंट सुरू झालाय. मशीनखाली एकटीला निजवतात, दार लावून घेतात. दुखत काही नाही. पण घरी आल्यावर जेवण जात नाही, आणि बरं होईन का विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणतात, "पाटी, उशिरा आलात, पण आलात."

सूनबाई विचारतेय, पत्राच्या वर तुझं नाव काय घालू. मी तुझं सासरचं सांगितलं, आबा हाक मारायचे ते. ती म्हणाली, "ते नाही, त्यांच्या आईने ठेवलेलं." मी तिला लिहायचं थांबवलं. मग म्हटलं, लिही. मला ठाऊक नाही. मी कधी विचारलंच नाही.