पाद्रीबाबांच्या घरची खुनी

रविवार, नऊ तारीख
(कॅलेंडरात बघून लिहिली आहे. सगळेच बघतात.)

प्रिय बाळास,

आशीर्वाद आहेतच, ते काही माझ्या रागावर अवलंबून नसतात. सूनबाईंना आठवण सांग, चिमणीचा पापा घे आणि तिचे पुढचे दात आले का ते कळव. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू शाळेत होतास तेव्हापासून कुरकुरतो आहे, तेव्हा त्याला नव्या आजारांत धरू नकोस.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर माझा शब्द अडला की तू गप्प होतोस, आणि गप्प राहून तू मोजत असतोस हे मला इकडे ऐकू येतं. कागद मोजत नाही. मधेच शब्द सापडेना झाला तर मी उठून चहा टाकून येते, तुला पत्ताही लागत नाही.

काम जोरात चालू आहे. तू आमची मालिका बघत नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. जुना काळ, घोडागाड्या, कंदील, गावात एक चर्च. तिथले पाद्रीबाबा प्रवचन देता देता खुनी शोधून काढतात. मी त्यांचं घर सांभाळणारी बाई. काळा झगा, पांढरा ॲप्रन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गावात दर आठवड्याला एक मुडदा पडतो आणि मी दर आठवड्याला पाद्रीबाबांना चहा देते. एवढे खून होऊनही त्या गावातून कुणी बिऱ्हाड हलवत नाही, याचं मला नवल वाटतं.

पाद्रीबाबांची एक लकब फार गाजली आहे. खुन्याचं नाव घेण्याआधी ते धर्मग्रंथ उघडतात, पानावर नजर टेकवतात आणि मग एकेक वाक्य सावकाश बोलतात. बघणाऱ्यांना त्यात श्रद्धा दिसते. खरी गोष्ट अशी की त्या नटाला पहिल्या भागापासून संवाद पाठ होत नाहीत, आणि त्याची वाक्यं त्या पानांवर चिकटवलेली असतात. सेटवर हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कुणी डॉक्टरकडे चला म्हणत नाही. त्याच्या पोराबाळांपैकी कुणी दिग्दर्शिकेला फोनही केला नाही. असो.

मंगळवारी नव्या भागाचे कागद हातात आले. पाद्रीबाबांच्या घरची बाई तळघराच्या जिन्याखाली मरून पडलेली सापडते, असं त्यात होतं. मला एकही वाक्य नव्हतं. मुडद्याला नसतंच.

मी तशीच ॲप्रन घालून दिग्दर्शिकेच्या खोलीत गेले. ती तुझ्याच वयाची, गुणी पोर आहे. लेखक कोपऱ्यात बसून बिस्कीट खात होता.

"मावशी, कथेची गरज होती," ती म्हणाली.

"मागच्या महिन्यापर्यंत कथेला माझी गरज होती. मधे काय झालं?"

तिने बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. मग म्हणाली, "तुमच्या मुलाचा फोन आला होता. त्यांना काळजी वाटते हो. इथे वायरी, जिने, लांबलचक दिवस. म्हटलं, तुम्हाला मानाने निरोप देऊ."

"मानाने म्हणजे जिन्याखाली?"

लेखकाला ठसका लागला.

तेव्हा मला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि राग अजून आहे. जे मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, ते तू एका परक्या मुलीला सांगून मोकळा झालास. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुठे मारणार?

तू खोटं बोललास असं मी म्हणणार नाही. मी फोनवर तुला तुझ्या मामाच्या नावाने हाक मारली आणि फोन ठेवेपर्यंत माझ्या ते लक्षात आलं नाही. भाजी घेऊन येताना शेजारच्या इमारतीचा जिना चढले आणि परक्या दाराला माझी किल्ली लावत उभी राहिले, हेही शेजारणीने तुला कळवलंच आहे. मी एकटीच डॉक्टरकडे जाऊन आले, हे मात्र तुला कुणी सांगितलेलं नाही. तुला जे वाटतं तेच आहे. हळूहळू वाढेल म्हणाले. किती हळू, ते त्यांनाही माहीत नाही. हे लिहून झाल्यावर मी खरंच उठून चहा टाकला.

तर त्या खोलीत मी दिग्दर्शिकेला म्हटलं, "मरायला माझी ना नाही. पण ऐकू येईल असं मरेन. नाहीतर मला खुनी करा."

लेखकाने बिस्कीट खाली ठेवलं. "खून कुणाचा, मावशी?"

"माझ्या भल्यासाठी बोलणाऱ्या माणसाचा."

त्याचे डोळे चमकले. पाद्रीबाबांचा एक पुतण्या निघाला, जो म्हाताऱ्या बाईला आश्रमात पोचवायचं ठरवतो आणि तिच्याच हातचा चहा पिऊन मरतो. तू घाबरू नकोस, मालिका आहे.

दिग्दर्शिका मात्र व्यवहारी आहे. "कबुलीचा प्रसंग मोठा असतो. दोन पानं, सलग. जमेल?"

"नाही जमलं तर तुमचा जिना आहेच," मी म्हटलं, आणि तसंच ठरलं.

शुक्रवारी तो प्रसंग झाला. पाद्रीबाबांचं स्वयंपाकघर, टेबलावर धुतलेले ओले कप, समोर ते हातात ग्रंथ घेऊन उभे. पहिलं पान मी घडाघडा बोलले. दुसऱ्याच्या तोंडाशी सगळं कोरं झालं. नुसतं वाक्य गेलं असतं तर निभावलं असतं, पण मी कुठे आहे आणि ही माणसं माझ्याकडे का बघतायत, तेच गेलं. बाळा, फार भीती वाटते रे तेव्हा. तुला वाटते त्यापेक्षा जास्त.

हात मात्र थांबले नाहीत. त्यांनी फडकं घेतलं आणि कप पुसून पालथे घालायला सुरुवात केली. दोनतीन कप पुसून झाले तशी मी परत आले. बघते तर पाद्रीबाबांनी ग्रंथ माझ्याकडे वळवला होता. त्यांनी स्वतःच्या वाक्यांशेजारी माझीही वाक्यं चिकटवून ठेवली होती, कुणालाही न सांगता, मोठ्या अक्षरांत. भला माणूस. मी ओल्या हाताने ग्रंथ मिटला.

"नको, फादर," मी म्हटलं. "पुस्तक तुमचं आहे. माझं मी सांगते."

मग सांगितलं. "तुमचा पुतण्या चांगला होता. वाईट असता तर मी त्याला दारातूनच हाकलला असता. त्याने माझ्यासाठी खोली बघितली, गादी बघितली, खिडकी कुठल्या बाजूला हवी तेही ठरवलं. तुमच्याशी बोलला, डॉक्टरांशी बोलला. मी तिथेच चहा गाळत उभी होते, फादर. मला तेवढं कुणी विचारलं नाही."

हे लेखकाने लिहिलेलं नव्हतं, ते तुला कळलंच असेल.

कट म्हणायला दिग्दर्शिकेला उशीर झाला. "कागदावर हे नव्हतं," ती म्हणाली. लेखक म्हणाला, "आता लिहून घेतो." शेवटी ठरलं ते असं, की बाईला फाशी होत नाही. ती तुरुंगात बसते आणि अडलेले पाद्रीबाबा दर भागात तिला भेटून सल्ला विचारतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ते बरंच झालं म्हणायचं. आता माझं बसून काम आहे. जिने नाहीत, वायरी नाहीत, तेव्हा तुझी तीही काळजी मिटली. माझी वाक्यं कोठडीच्या भिंतीवर चिकटवा, असं मीच सांगितलं. मागून घ्यायला मला लाज वाटत नाही. न विचारता पुढे केलं की वाटते.

तुझ्या घरी तू माझ्यासाठी रंग देऊन ठेवलेल्या खोलीत मी येणार नाही. आत्ता नाही. दार ओळखता यावं म्हणून माझ्या दाराच्या कडीला लाल रिबीन बांधली आहे, दुसरी किल्ली शेजारणीकडे आहे आणि डॉक्टरांचा नंबर तिच्याकडे देते आहे. यायची वेळ झाली की तुला पहिल्यांदा मी सांगेन. तोवर माझ्याबद्दल जे बोलायचं ते माझ्याशी बोल. मी ओरडेन, पण ऐकेन.

आता पाकिटावर तुझं नाव, घर, गल्ली, सगळं कुठेही न बघता लिहिणार आहे. पत्र मिळालं तर वाद मिटला. नाही मिळालं तर तुझंच खरं, पण ते तुला कळायचं नाही.

जिन्याखाली न पडलेली,
तुझी आई