हशासाठी सोडलेली जागा

४ मार्च १९३७
पोहोचलो एकदाचे! लॉस एंजेलिसमध्ये या दिवसांत ऊन असतं, यावर माझा विश्वास नव्हता. दोन खोल्यांचं घर, मागे लिंबाचं झाड, झाडाला चक्क लिंबं. आमच्या डेटनला आत्ता बर्फ उपसत असतील. उद्यापासून माझी स्टुडिओतली नोकरी. माझा नवरा ऑर्विल म्हणाला, वा विनी, पडद्यावर झळकायला मी आलो आणि घेतलं तुला! पण हसत म्हणाला. वीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या माणसाने असं हसत म्हणणं सोपं नाही, हे मी नोंदवून ठेवते.

७ मार्च
काम मजेदार आहे. चित्रपट विनोदी. नटनटीचं जोडपं रोज रंगमंचावर नवविवाहितांचं नाटक करतं आणि विंगेत एकमेकांवर भांडी फेकतं. प्रदर्शनाआधी तो बाहेरगावच्या थिएटरांत न सांगता दाखवतात. मी पुढच्या कोपऱ्यात पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि लोक कुठे हसतात ते टिपायचं. जिथे हशा मोठा, तिथे संकलक केसलर थोडी फिल्म वाढवतात, म्हणजे पुढचं वाक्य बुडत नाही.

काल रिव्हरसाइडला छान हशे आले. एक मात्र उमगला नाही. पटकथेत आहे ते असं: बायको दार आपटून निघून जाते, नवरा आरशापुढे एकटा, आपल्याकडे पाठ करून बसतो. तिथे विनोद नाही, वाक्यही नाही. तरी लोक हसले. केसलरना सांगावं की नाही, असा विचार केला. पण जे ऐकलं ते लिहायचं, हाच तर माझा पगार. ते म्हणाले, बाई, लोक मयतालाही हसतात. आपण टिपावं, कारणं देवाने शोधावीत. त्यांनी ते दृश्य वाढवलं.

१४ मार्च
पाय सुजलेत. बसमध्ये उभी होते. ऑर्विलला स्टुडिओच्या फाटकावरून पुन्हा परत पाठवलं. जेवताना त्याने १९१९ सालच्या त्या टाळीची गोष्ट पुन्हा सांगितली. मी मान डोलावत होते, ऐकत नव्हते. हा निर्दयपणा की नुसता थकवा?

काल पोमोनाला तोच हशा दुप्पट आला. बाहेर पडताना एका म्हातारीला विचारलं, तिथे हसण्यासारखं काय होतं? ती डोळे पुसत म्हणाली, अगं बाई, ती दारापाशी खुर्चीत बसलेली! चष्मा, अंबाड्यात पेन्सिल, चेहरा ढिम्म. नवऱ्याकडे अशी बघते, जशी दूध कधी उतू जातंय याची वाट बघतेय. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, माझा दंड दाबला आणि म्हणाली, तुम्हीच की! छान वठवलंत हो.

१५ मार्च
केसलरनी माझ्यासाठी ते दृश्य दोनदा चालवलं. खोली, नवरा, आरसा. दारापाशी खुर्ची आहे. रिकामी.
म्हणाले, दमलायत तुम्ही, घरी जा.

२१ मार्च
आता थिएटर वेगळं, गाव वेगळं. हशा तोच.
यावेळी एका न्हाव्याला आणि त्याच्या बायकोला विचारलं. बायको म्हणाली, शेवटी उठली एकदाची! किती हळू, त्याला पत्ता नाही. न्हावी म्हणाला, मी आजपासून आरशाकडे तोंड करून बसायचाच नाही, हिचा काय भरवसा! दोघं खिदळत गेले.
उठली म्हणजे त्याच्याकडे निघाली.
ऑर्विल बोलत असतो तेव्हा मी तशी बघते का? त्याचं वाईट मी कधी चिंतलेलं नाही.
वरचं वाक्य पुन्हा वाचलं. 'कधी' खोडावं का, कळत नाही. ठेवलं आहे.

२२ मार्च
केसलरना म्हटलं, ते दृश्य कापा. ते म्हणाले, अख्ख्या चित्रपटातला सर्वांत मोठा हशा, आणि मी गटारात फेकू?
पुढच्या वेळी लिहीन, कोणी हसलं नाही. खोटं लिहीन. ऑर्विलसाठी.

२७ मार्च
खोटं चाललं नाही. केसलर स्वतः मागे बसले होते. थिएटर हादरत होतं. मी कान झाकले तरी—
बाहेर एका बाईने माझे दोन्ही हात धरले. विचारलं, मी काय केलं? ती लाजली. म्हणाली, चला, काहीतरीच विचारता! पण केलंत ते बरं केलंत. बिचाऱ्याला कळलंसुद्धा नाही.
धावत घरी आले. ऑर्विल घेवडा गरम करत होता. जिवंत. विचारू लागला, विनी, अगं झालं काय? त्याच्या मानेकडे बघवेना.

२८ मार्च
बहिणीकडे जायचं ठरवलं. बॅग भरली. दारापर्यंत गेले.
पण बायको दार आपटून जाते. नवरा एकटा. मग खुर्ची—
तिथूनच तर ते दृश्य सुरू होतं.
बॅग रिकामी केली.

२९ मार्च, सकाळ
कामावर गेले नाही. ऑर्विलला बोलावणं आलंय, छोटंसं काम, चार वाक्यं. दाढी करतोय, गुणगुणतोय. इतक्या आनंदात मी त्याला इथे आल्यापासून पाहिलेला नाही. आज त्याला काही होता कामा नये. आज तरी नाही.
मी दारापाशी बसले आहे. लिहीत राहीन. लिहिते आहे तोवर माझे हात मला दिसतात. वहीवर आहेत. दोन्ही.
कुठेतरी कोणी हसलं.
ऑर्विलने विचारलं, कोण गं? म्हटलं, शेजारी असतील.
पुन्हा. आता बरेच जण. भिंतीपलीकडून नाही—
तो आरशात बघून म्हणाला, उठलीस का विनी? बस ना.
मी बसलेलीच आहे. खुर्चीत आहे. हात वहीवर—
तो म्हणतोय, अशी काय बघतेस, आणि त्यालाही हसू—
ऑर्विल, वळ. आरशात नको, इकडे बघ, मी इकडे—