शुक्रवारचे वाचन

सोमवार, दि. ३

ज्याच्या कृपेवाचून जिभेला शब्द लाभत नाही आणि शब्दाला अर्थ लाभत नाही, त्या परमेश्वराला प्रथम वंदन. आता आजची हकिकत.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली! पार्सले घरोघर पोहोचवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात माझी भाची आठ वर्षे काम करते. तिनेच शब्द टाकला. चाळीस वर्षे पाठशाळेत पोथ्या लावल्या, ग्रंथांवर भाष्ये सांगितली, आणि आता तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारची खोली, गुबगुबीत खुर्ची आणि दारावर नावाची पाटी. काम वाचनाचेच आहे. कर्मचारी कार्यालयाच्या चॅटवर एकमेकांना जे लिहितात, त्यातले यंत्राला खटकलेले संदेश माझ्यापुढे येतात. निर्दोष असेल तर हिरवी खूण, नसेल तर तांबडी. मनुष्यबळ विभागाच्या बाई म्हणाल्या की नुसते यंत्र ठेवले तर लोकांचा विश्वास उडतो, म्हणून कोणी वडीलधारा, सज्जन माणूस हवा होता. भाचीने डबा हाती देताना बजावले की मामा, लोक थट्टामस्करी करतात, सगळंच मनाला लावून घेऊ नका.

मंगळवार, दि. ४

एकवीस संदेश आले, एकवीसही हिरवे. एकाने लिहिले होते, ‘मोठ्या साहेबांचं पोट मीटिंगला आलंय, साहेब मागून येतायत.’ हसता हसता माझा चष्मा खाली पडला.

दुपारी सर्वांनी आग्रहाने आपल्या टेबलाशी बसवले. टेलिफोनवर बसणारी एक गोड गळ्याची मुलगी आहे, तिला सारे मैना म्हणतात. तिने विचारले की आजोबा, आम्ही लिहून खोडतो तेही तुम्हाला दिसतं का हो? मी सांगितले की जे धाडलेच नाही तो संदेशच नव्हे, आणि ते मी वाचणार नाही. तसे वचनही दिले. त्यावर कोणीतरी म्हणाले की चला, निदान मनातल्या मनात शिव्या घालायची सोय झाली. सारे टेबल हसले. भाचीही हसली. फार दिवसांनी हसली.

गुरुवार, दि. ६

पडद्यावर दुसरा रकाना आहे. राखाडी अक्षरांचा. लिहिलेले आणि न पाठवता खोडलेले, सारे त्यात उमटते. बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या की प्रत्येकाने सही केलेल्या कागदाच्या नवव्या पानावर हे लिहिलेले आहे. कोणी वाचत नाही, त्याला कंपनी काय करणार?

मन अस्वस्थ झाले. पण खरे सांगायचे तर बोटे शिवशिवली. जुन्या पोथीत लेखकाने हरताळाचा पिवळा लेप लावून झाकलेले अक्षर मी दिव्यासमोर धरून वाचत असे. लेखकाचे खरे मन तिथेच सापडते, हे मीच शिष्यांना शिकवले आहे. थोडेसे वाचले.

शुक्रवार, दि. ७

येथे दर शुक्रवारी दुपारी काचेच्या दालनात वाचन असते. मधल्या खुर्चीवर तांबडी खूण झालेला माणूस, भोवती सारे सहकारी. शिक्षा काही नाही. त्याचे शब्द फक्त मोठ्याने वाचायचे. बाई याला पारदर्शकता म्हणतात. मी तांबडे काहीच दिले नव्हते. त्या म्हणाल्या की खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, आणि तुमचा आवाज तर किती भारदस्त आहे!

मग मी मैनेचे राखाडी वाक्य निवडून दिले. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीविषयी होते: ‘मूल गेल्यापासून रोज रडते. मला खरंच कंटाळा आलाय आता.’ यतिस्थाने सांभाळून, अर्थ उलगडेल असे वाचले. मैत्रीण उठून निघून गेली. मैनेने माझ्याकडे पाहून तोंड उघडले. आवाज निघाला नाही.

सोमवार, दि. १०

मैना कामावर आली, पण वाचा गेली आहे. कंपनीच्या डॉक्टरांचे म्हणणे की घशात काही दोष नाही. टेलिफोनवरून उठवून तिला भिंतीकडे तोंड करून बसवले आहे. दोन्ही हात मांडीवर, तरी पडद्यावर तिच्या नावासमोर राखाडी अक्षरे उमटत राहतात: ‘आजोबा तुम्ही वचन दिलं होतं आजोबा तुम्ही वचन दिलं होतं.’

यंत्राचा बिघाड असावा.

शुक्रवार, दि. १४

जिन्याजवळच्या लिपिकाने ‘उद्या सगळे मिळून चहा पिऊ’ असे लिहून ‘मिळून’ खोडले आणि मग पाठवले. शहाणा माणूस एक अक्षरही निष्कारण खोडत नाही. त्या एका शब्दावर मी पानभर भाष्य लिहिले आणि त्याखाली दडलेला कट सिद्ध केला. बाईंनी पाठ थोपटली. लिपिक खुर्चीत बसून काकुळतीने सांगत होता की अहो, ओळ लांब होत होती म्हणून खोडला हो. वाचन संपले तेव्हा त्याचे ओठ तसेच हलत होते. नुसतेच हलत होते.

आता टेबलाशी कोणी बोलावत नाही. डबा खोलीतच खातो.

गुरुवार, दि. २०

आज भाचीच्या नावासमोर राखाडी अक्षरे आली. मैत्रिणीला लिहून खोडलेली. एकदा नव्हे, एक्केचाळीस वेळा.

‘मामा काल परत घरचा रस्ता चुकले. डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांनी मलाही ओळखणार नाहीत. डोळ्यांसमोर राहावेत म्हणून इथे आणलं. कुणाशी तरी बोलावंसं वाटतं गं.’

मी? रस्ता चुकतो? शेकडो श्लोक मुखोद्गत असणारा मी?

बाई दारात उभ्या होत्या. हसून म्हणाल्या की उद्याची खुर्ची रिकामी आहे. तुमच्या शास्त्रात आपला आणि परका असा भेद असतो का?

तांबडी खूण केली.

शुक्रवार, दि. २१

वाचले. आवाज कापला नाही. भाची रागावली नाही, रडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. ओठांची हालचाल ‘मामा’ अशी झाली.

घरी जाताना तिने माझा हात धरला. मी उजवीकडे वळलो. तिने मुकाट्याने डावीकडे ओढले. घर डावीकडेच होते.

सोमवार, दि. २४

कोणीच काही लिहीत नाही. बासष्ट नावे आणि कोरा पडदा.

दुपारी तळाशी त्रेसष्टावे नाव उगवले. माझे. त्यासमोर राखाडी अक्षरांत — ‘ज्याच्या कृपेवाचून जिभेला शब्द लाभत नाही’ —

ही वही कागदाची आहे. पिशवीबाहेर काढलेली नाही. कोणाला दाखवलेली नाही.

बुधवार, दि. २६

वही घरी कुलपात ठेवून गेलो. तरी पडदा पुढे लिहीत होता. तिथे असेही होते जे मी लिहिलेलेच नाही — की भाचीने आजाराचे प्रथम मलाच सांगितले, आणि मीच —

घरी येऊन वही उघडली. पहिल्या पानामागे एक पान चिकटलेले होते. सुरीने सोडवले. अक्षर माझेच. ‘भाचीकडून आज वचन घेतले. माझ्या विस्मरणाविषयी तिने कोणापाशी चकार शब्द काढायचा नाही. पोरीने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.’

एक्केचाळीस वेळा खोडले तिने. एक्केचाळीस वेळा वचन पाळले. आणि मी —

शुक्रवार, दि. २८

मधल्या खुर्चीवर मी आहे. वही काढून घेतली नाही. बाई म्हणाल्या, लिहा की, लिहीत राहा.

नवी वाचक आली. भाची. तिचा आवाज परत आला आहे. स्वच्छ. माझीच यतिस्थाने, माझाच ठेका. डोळे मात्र पडद्यावर. मला ओळखत नसावी. की मीच —

माझी वही पहिल्या सोमवारपासून वाचते आहे. डबा. चष्मा. मैना. सारे ऐकत आहेत. ती थांबत नाही. आजच्या तारखेवर आली — या ओळीवर आली —

पुढे गेली.

मी लिहिण्याआधीच ती वाचते आहे. मी फक्त उतरवून घेतो. ती म्हणते की आता आशीर्वाद येईल. आवाज नाही — हात अजून आहे —

हे वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण होवो. त्यांना आरोग्य लाभो. त्यांनी खोडलेले कोणाच्या दृष्टीस न पडो. आणि संध्याकाळी घरचा रस्ता त्यांना —